झोपलेल्या कुंड्या

आमच्या शाळेत एकच जागा अशी होती जिथून कुणी पळत जात नसे. पाण्याच्या टाकीमागचा व्हरांडा. तिथे भिंतीलगत बारा कुंड्या आडव्या पडलेल्या असत. त्यांची तोंडं भिंतीकडे असत, प्रवासात दमलेली माणसं कूस वळवून झोपतात तशी. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या अशा दिसू लागायच्या आणि एप्रिलमध्ये परीक्षा संपेपर्यंत तशाच राहायच्या. एकीतही पान नाही, काडी नाही. नुसती कोरडी, भेगाळलेली माती.

"हळू चाला बे," पंचफुलामावशी म्हणायची. "झोपेल हायेत ते."

आणि नांदुऱ्याच्या त्या इंग्लिश मीडियम शाळेतली, एरवी कुणाचंही न ऐकणारी मुलं खरंच पाय दाबून जायची. आमच्यातल्या कुणाचा त्यावर पूर्ण विश्वास होता असं नाही. पण मावशी ते इतकं सहज सांगायची, पाहुणे आतल्या खोलीत पडलेत असं सांगावं तसं, की उगाच कोण आवाज करणार.

ती शाळेची मावशी होती. घंटा वाजवायची, वर्ग झाडायची, के.जी.च्या मुलांची नाकं पुसायची, कुणी उलटी केली तर त्यावर माती टाकायची. अंगानं बुटकी आणि रुंद. शाळेनं दिलेली निळी साडी ती टाचणी लावून घट्ट नेसायची आणि किल्ल्यांचा जुडगा पदराला बांधायची. त्यामुळे ती येतेय हे दोन वर्ग आधी कळायचं. फक्त कुणी एकटं रडत बसलं असेल, तर तो जुडगा ती मुठीत धरून यायची. शेजारी बसायची. काही विचारायची नाही. थोड्या वेळानं तिच्या कमरेच्या पिशवीतून फुटाणे निघायचे.

शाळेच्या मागून रेल्वेची लाइन होती. मालगाडी जात असेल तर घंटा ऐकू येत नसे, म्हणून मावशी लाकडी दांडा हातात धरून गाडी संपायची वाट बघायची. शेवटचा डबा गेला तरी लगेच वाजवायची नाही. गाडीचा आवाज रुळांतून पूर्ण विरू द्यायची, मग एकच टोला. त्यामुळे आमचा गणिताचा तास कधी चाळीस मिनिटांचा असायचा, कधी पन्नास. शिपाई गणेशभाऊ तिला रोज डिवचायचे.

"मावशी, घड्याळ कोनाचं चालते इथं? शाळेचं का रेल्वेचं?"

"जे मोठं हाये त्याचं," मावशी म्हणायची. "तू वाजव ना गाडीपेक्षा मोठी. मी पायते."

शाळेच्या आवारात मराठी बोलायची बंदी होती. मावशीला त्यातून सूट होती, कारण इलाजच नव्हता. तिचं इंग्लिश "लाइन, लाइन!" आणि "नो धक्का!" इथे संपायचं. त्यामुळे टाकीमागच्या व्हरांड्यात मुलं मनसोक्त वऱ्हाडी बोलून घ्यायची. मी मात्र तिथेही बोलायची नाही. मी दोन्ही भाषांत सारखीच गप्प होते. उत्तर येत असायचं, ते घशापर्यंत यायचं आणि तिथेच बसून राहायचं. पाचवीत असताना आमच्या क्लासटीचर मला दारात उभी करून दुसऱ्या टीचरना सांगत होत्या की ही मुलगी बोलतच नाही, हिच्या आईवडिलांना बोलवायला हवं. मावशी तिथेच फरशी पुसत होती. मान वर न करता म्हणाली,

"राहू द्या ना टीचर. काही पोट्टे पान्याचे असतात. रोज टाकलं का रोज वाढतात. काही झोपेचे असतात. हे झोपेची हाये. उठन तवा उठन."

टीचर हसल्या. विषय तिथे संपला. त्या दिवसापासून मी डबा खायला व्हरांड्यात जाऊन बसू लागले.

कुंड्यांची गोष्ट मला तिथे तुकड्यातुकड्यांनी कळली. मावशी नवीन लागली होती तेव्हा शाळेत दक्षिणेकडच्या एक टीचर होत्या. बदली करून गावी परत जाताना त्यांनी मावशीच्या हातात एक कुंडी दिली. हिंदीत एवढंच सांगितलं, की हे फेकू नका, हे जिवंत आहे.

"म्या पाह्यलं तं आत माती," मावशी सांगायची. "म्या म्हटलं, बाप्पा, चांगली भेट देली टीचरनं! दोन वरसं इथं शिकवलं, जाता जाता माती ठेवून गेली." तिनं कुंडी कोपऱ्यात ठेवली आणि तिच्यावर फडकी वाळत घालू लागली. मे महिन्यात शाळा बंद असताना ती एकटी बाकं धुवायला आली, तर फडक्याच्या खालून काहीतरी वर आलं होतं. फडकं टोपीसारखं डोक्यावर घेऊन. तिनं ते काढलं.

इथे आल्यावर ती थांबायची आणि दोन्ही हातांची ओंजळ उलटी करून, बोटं ताणून एक गोल दाखवायची. पुढचं सांगायची नाही.

मातीत खाली कांद्यासारखा गड्डा होता. त्या एका कांद्याचे पुढे बारा झाले. पावसाळ्यात त्यांना मोठी, हळदीसारखी पानं यायची, ती आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. गणेशभाऊंचं म्हणणं होतं की ती हळदच आहे. "फूल येते म्हणे. मे महिन्यात येते म्हणे. शाळेले कुलूप असलं का येते!" ते स्टाफरूमच्या दारात उभे राहून सांगायचे आणि सगळे हसायचे. खरंच, इतक्या वर्षांत ते फूल कुणी पाहिलं नव्हतं. मेमध्ये गणेशभाऊ त्यांच्या गावी जायचे, टीचर आपापल्या माहेरी जायच्या, मागच्या व्हरांड्याच्या जाळीला कुलूप असायचं. मावशीकडे बटणांचा फोन होता. आणि फूल तोडून कुणाला नेऊन दाखवावं, तर ती म्हणायची, "तोडलं तं कांदा रुसते."

मी ते पाहिलं होतं. एकदाच.

सहावीच्या सुट्टीत बाबा शाळेत काही कागद आणायला गेले आणि मला बरोबर घेऊन गेले. दुपार होती. आवारात निंबाच्या सावलीशिवाय काही नव्हतं. बाबा ऑफिसात बसले आणि मी सवयीनं मागे गेले. जाळी उघडी होती. मावशीनं वर्गातलं एक बाक ओढून व्हरांड्यात ठेवलं होतं आणि त्यावर बसून ती भाकरी खात होती. तिच्यासमोर बारा कुंड्या सरळ उभ्या होत्या. प्रत्येकीत एकच दांडा, ठिपक्याठिपक्यांचा, आणि त्यावर लाल चेंडू. जवळ गेलं की कळायचं की तो चेंडू नाही. शेकडो बारीक फुलं एका बिंदूतून सगळीकडे निघाली होती आणि प्रत्येकीच्या टोकाला पिवळा कण होता. पान एकही नव्हतं. त्या उन्हात, पांढऱ्या भिंतीसमोर, ते सगळं जमिनीला न टेकता नुसतं हवेत थांबल्यासारखं दिसत होतं. मागून एक गाडी गेली, न थांबणारी. ते बाराही गोल इतके हळू हलले, की आधी गोल हलले का माझी नजर, ते मला समजलं नाही.

मावशीनं सरकून मला जागा दिली.

"याहीले पोट्टे आवडत नाई," मग ती म्हणाली. "म्हणून सुट्टीत येतात."

त्या दिवशी तिनं मला तिची सगळी पद्धत सांगितली. कोजागिरी झाली की पाणी बंद. पानं पिवळी पडून आपोआप गळू द्यायची, ओढायची नाहीत. मग कुंडी आडवी करायची, म्हणजे चुकूनही थेंब पडायला नको. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, हात लावायचा नाही. आखाजीला घरोघरी पितरांसाठी नवी घागर भरतात, वर खरबूज ठेवतात. मावशी घरची पूजा आटोपून त्या घागरीतलं तांब्याभर पाणी शाळेत आणायची, कुंड्या सरळ करायची आणि प्रत्येकीला ओंजळभर पाजायची. "साऱ्याईले पाजलं, तं याहीलेही पाजा लागते," ती म्हणायची. तेच त्यांचं पहिलं पाणी.

मी आठवीत गेले ते मावशीचं नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. मेअखेर तिची निवृत्ती होती. डिसेंबरात एके दिवशी ती प्रिन्सिपल मॅडमच्या केबिनमध्ये गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी काही मागितलं असावं. मी रजिस्टर द्यायला गेले होते म्हणून मला ऐकू आलं.

"मॅडम, मी जाच्या आदी पोट्ट्याईले एक दिवस बलावता का? मे महिन्यात. सकाळी घंटाभर. सारे म्हणतात फूल येतच नाई. एक डाव पाहून घेऊ द्या, मंग मी जाते."

मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी पालकांच्या ग्रुपवर निरोप टाकायचं कबूल केलं. मावशी बाहेर आली ती गणेशभाऊंकडे बघत, जुडगा वाजवत. "पाह्य आता. तुया गावचं तिकीट उशिराचं काढ."

जानेवारीत तिला जानेफळला जावं लागलं. तिच्या मुलीचं दुसरं बाळंतपण होतं आणि तिकडची सासू अंथरुणाला खिळलेली. महिनाभराची रजा. निघायच्या आदल्या दिवशी तिनं मला व्हरांड्यात बोलावलं.

"तुले एक काम सांगतो," ती म्हणाली. तिला प्रेम आलं की ती आमच्याशी पुरुषासारखी बोलायची. "काहीच कराचं नाई. समजलं? पानी नाई, माती नाई, हात नाई. कोनी केलं तं सांगाचं, मावशी नको म्हने. बस."

मी मान हलवली. मला त्या कामाचा फार अभिमान वाटला. जगात माझ्यासाठी याहून सोपं काम नव्हतं.

आमच्या गावात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. शाळा सुटताना बाटलीत उरलेलं पाणी ओतून देणं हे आमच्याकडे पाप होतं. आम्ही ते फाटकाजवळच्या ड्रममध्ये टाकायचो, तिथे दुपारी शेळ्या यायच्या. त्या जानेवारीत विज्ञानाच्या सरांनी असेंब्लीत एक कल्पना मांडली. प्रत्येकानं एक झाड दत्तक घ्यायचं आणि रोज आपलं उरलेलं पाणी त्यालाच द्यायचं. कल्पना चांगली होती. सगळ्यांना आवडली. दोन दिवसांत आवारातली सगळी झाडं वाटली गेली. चौथीच्या मुलांसाठी काही उरलं नाही, तेव्हा कुणाला तरी टाकीमागच्या कुंड्या आठवल्या.

मी सुटीच्या घंटेला तिथे पोचले तेव्हा बाराही सरळ केलेल्या होत्या. प्रत्येकीवर पांढऱ्या कागदाची पट्टी, तिच्यावर एका मुलाचं नाव. मुलं रांगेत उभी होती, आपापली बाटली उलटी करत. एक मुलगी तिच्या कुंडीला सांगत होती, "ड्रिंक, बेबी, ड्रिंक."

मी त्यांना थांबवलं नाही. मी स्टाफरूमपर्यंत गेले. सर तिथे वह्या तपासत होते. मी दारात उभी राहिले. "मे आय कम इन" पर्यंत आलं. त्यांनी मान वर करून "येस?" म्हटलं. मी पाहत राहिले. मग म्हटलं, "नथिंग, सर." दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी दारापर्यंतही गेले नाही. रोज साडेचारला, शेळ्यांचं पाणी कुंड्यांत जात राहिलं. माती काळी दिसू लागली, छान दिसू लागली. मी मनाशी म्हटलं की कदाचित काही होणार नाही.

मावशी परतली तेव्हा डिंकाचे लाडू घेऊन आली. नातू झाला होता. आधी साऱ्या स्टाफला लाडू वाटले, गणेशभाऊंना दोन, आणि मग ती मागे गेली. मी खांबाआड होते. कुंड्यांवरच्या नावांच्या पट्ट्या तिला वाचता येत नव्हत्या. तिनं एका कुंडीत बोट खुपसलं, बाहेर काढलं आणि वास घेतला. मग ती तिथेच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी रिसेसमध्ये तिनं वर्तमानपत्र पसरून एकेक कुंडी उपडी केली. मी तिच्याजवळ उभी होते. कांदे हातात आले की दाबले जायचे, पिकून गेलेल्या फळासारखे. आंबूस वास येत होता. आठ, नऊ, दहा. ती प्रत्येक वेळी नवा कांदा उचलायची ते आधीचा बघितलाच नाही अशा रीतीनं. बारावाही तसाच होता. मग तिनं तो सगळा चिखल बोटांनी चाळला, तांदूळ निवडावेत तसा, आणि त्यातून वाटाण्याएवढे चौदा-पंधरा बाळकांदे बाजूला काढले. तेवढे कडक होते.

"कोनं टाकलं वं पानी?"

मी वर्तमानपत्राचा उडणारा कोपरा पायानं दाबला.

"पोट्ट्याईनं टाकलं असन," तिनं स्वतःच उत्तर दिलं. "तान्हेले दिसले असतीन बिचारे. वाईट तं कोनी नाई केलं." आणि ते बाळकांदे पदराला पुसत म्हणाली, "याहीले तीन वरसं लागतीन. चारही."

तिनं ते कोरड्या मातीत पुन्हा बाराही कुंड्यांत पुरले. तीन वर्षांनंतरच्या मेमध्ये ती शाळेत नसणार, हे दोघींनाही माहीत होतं.

मॅडमना तिनं स्वतःच जाऊन सांगितलं की यंदा पोरांना बोलवू नका. कारण सांगितलं नाही. तिनं चौथीच्या मुलांचं नाव घेतलं नाही, सरांचंही नाही. गणेशभाऊ म्हणाले, "म्या म्हटलंच होतं, हळद हाये." मावशीनं जुडगा मुठीत धरला. ती घंटेकडे गेली. मालगाडी नव्हती तरी बराच वेळ दांडा धरून उभी राहिली.

त्यातला एक बाळकांदा आज माझ्याकडे आहे. तो मला कसा मिळाला ते पुढे सांगते. शिक्षणासाठी आणि नंतर नोकरीसाठी मी जिथे जिथे खोली घेतली तिथे त्याची कुंडी नेली. रूममेट विचारायच्या की ही रिकामी कुंडी कशाला. मी सांगायची, झोपलेय. मिळाल्यापासूनच्या पाचव्या मेमध्ये तिच्यातून ठिपक्यांचा दांडा वर आला. मी फोटो काढून मावशीच्या मुलीच्या मोबाइलवर पाठवला. संध्याकाळी मावशीचा आवाज आला, मागे शेरडं आणि नातवाचा गोंधळ. "फूल पाह्यलं. चांगलं हाये. पन पान येऊ दे आदी, मंग खुशी कर. पानच कांद्याले पोसते." एवढंच. तिच्या स्वतःच्या कुंड्यांचं मी विचारलं, तर म्हणाली, सात आल्या, बाकीच्या अजून विचार करतायत.

पण मावशी म्हटलं की मला ते फूल आठवत नाही. आठवतो तो एप्रिलमधला शाळेचा शेवटचा दिवस.

मे महिन्यात कुणी नसतं आणि मावशीची रजा शिल्लक होती, म्हणून निरोप समारंभ तेव्हाच उरकला. शाल, नारळ, मॅडमचं भाषण. सरांनी विचारलं, विद्यार्थ्यांपैकी कुणाला मावशींबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत का. मी उठले नाही. आठवीच्या एका मुलानं इंग्लिशमध्ये छापील भाषण केलं. मावशी शालीत घाम पुसत ऐकत होती. शेवटी मॅडमनी विचारलं, तुम्हाला शाळेकडून काही हवं का.

"कुंड्या नेते," ती म्हणाली.

फाटकाशी रिक्षा आली. मुलं पांगली होती. गणेशभाऊ एक कुंडी उचलून म्हणाले, "मावशी, रेल्वेजवळची माती गावाले नेऊन राह्यली का?" तरी त्यांनी सहा कुंड्या नेल्या आणि बाकीच्या मी. बारावी माझ्या हातात होती, आणि मी ती सोडत नव्हते.

"मावशी," मी म्हटलं. "मी रोज बघत होते. मुलं पाणी घालत होती. तुम्ही मला सांगून गेला होतात. मी सरांच्या दारापर्यंत गेले, पण बोलले नाही."

घशातून इतकी वाक्यं एकदम बाहेर येण्याचा मला कधी अनुभव नव्हता. माझ्या आवाजाचीच मला ओळख पटली नाही.

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला ते आधीच माहीत होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही.

"तवा बोलाले पायजे होतं, माय," ती म्हणाली. रागानं नाही. पण गोड करूनही नाही.

"हो."

"हाव." मग तिनं हात पुढे करून माझ्या हातातल्या कुंडीत बोटं घातली, मातीतून एक वाटाण्याएवढा बाळकांदा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवून मूठ बंद केली. "आखाजीले पानी दे. त्याच्या आदी कोनी लाख सांगू दे, देऊ नको. आन् कोनी देऊन राह्यलं तं बोंब मार."

मग तिनं कुंडी माझ्याकडून घेतली आणि बाकीच्यांशेजारी आडवी केली. बारा कुंड्या, मागच्या सीटवर आणि पायाशी, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. ती त्यांच्यामध्ये कशीबशी बसली, शाल घडी करून दोन कुंड्यांच्या मधे घातली, एक हात यांच्यावर, एक त्यांच्यावर. किल्ल्यांचा जुडगा आता पदराला नव्हता. रिक्षावाल्यानं हॉर्न दाबला आणि गाडी अशी उसळवली की कुंड्या एकमेकींवर खडखडल्या.

"हळू चालव बे," आतून आवाज आला. "सारे झोपेल हायेत."